क्लच कां सुटत नाहीं ?

मोटार बिघडली म्हणजे दोन प्रकारचे कारागीर दृष्टीस पडतात. एक लागलीच पाने घेऊन भाग उकलूं लागतो. दुसरा कांहीं वेळ नुसता पाहतो, चालकास चार प्रश्न विचारतो, आणि मग एखादाच नट सैल करतो. ह्या दुसऱ्याचें कौशल्य हातांपेक्षां विचारांत अधिक असतें. तो विचार कसा चालतो, हें आज जुन्या पिकअप मोटारीच्या द्रवचालित क्लचवरून पाहूं.

उदाहरणादाखल टोयोटा कंपनीची हायलक्स ही गाडी घेऊं. ही गाडी १९६८ सालीं जपानांत प्रथम निघाली. आखाती देशांत कामास गेलेल्या आपल्याकडील कित्येकांस तिची ओळख असेल. १९८० नंतरच्या दशकांतील हायलक्समध्यें क्लच द्रवाच्या दाबानें चालतो, आणि त्याचा खालचा सिलिंडर क्लचच्या कवचाबाहेर बसविलेला असल्यामुळें डोळ्यांनीं पाहतां येतो. शिकणाऱ्यास ही मोठीच सोय आहे.

एंजिन व गिअरबॉक्स यांची सांगड हवी तेव्हां सोडविणें हें क्लचचें कार्य होय. एंजिनाच्या चक्रावर क्लच प्लेट ही घर्षणाची तबकडी प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगानें दाबून धरलेली असते. चालकानें पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या द्रवास लोटतो. तो द्रव नळींतून खालच्या स्लेव्ह सिलिंडरांत जातो. तेथील दट्ट्या एका दांडीनें क्लच फोर्क ढकलतो. फोर्क रिलीज बेअरिंग पुढें सारतो, आणि दाब उठून तबकडी मोकळी होते. ही साखळी ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभें आहे.

बंदिस्त द्रवास एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यानें मांडला. त्यासंबंधींचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १७९५ सालीं जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. हा नियम तुम्हांस घरींही पडताळतां येईल. सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या, एक ५ व दुसरी १० मिलिलिटरची, पाण्यानें भरून बारीक रबरी नळीनें जोडा. लहान पिचकारीचा दट्ट्या दाबला कीं मोठीचा बाहेर सरकेल. तो सरकेल कमी, पण जोरानें. आतां नळींत थोडी हवा राहूं द्या आणि पुन्हां दाबा. पहिला जोर हवा दाबली जाण्यांतच खर्च होईल आणि पलीकडचा दट्ट्या जेमतेम हलेल. पाणी दाबून जवळजवळ आकसत नाहीं. हवा सहज आकसते. क्लचच्या बहुतेक तक्रारींचें बीज ह्या एका वाक्यांत आहे.

प्रथम लक्षण नीट ओळखावें. एंजिन जोरानें फिरतें पण गाडी त्या मानानें वेग घेत नाहीं, तेव्हां क्लच घसरत आहे असें समजावें. तेथें बहुधा तबकडी झिजलेली किंवा तेलकट झालेली असते. उलट पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाहीं, रिव्हर्स टाकतांना दांते करकरतात, किंवा गिअरमध्यें उभी असलेली गाडी पुढें ओढ घेते, तेव्हां क्लच सुटत नाहीं असें समजावें. आपला विषय हा दुसरा दोष होय.

आतां पाहणी क्रमानें करावी. जें जवळचें व बिनखर्चाचें तें आधीं. पहिल्यानें द्रवाची लहान टाकी पाहावी. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ब्रेकचे पॅड झिजले कीं ब्रेकच्या टाकींतील द्रव खालीं जातो. परंतु अशा क्लचची तबकडी झिजली तर स्लेव्हचा दट्ट्या मागें सरकतो व टाकींतील पातळी उलट किंचित् वर चढते. म्हणून क्लचचा द्रव कमी झाला असेल तर तो कोठें तरी गळत आहे, हें निश्चित. ती गळती शोधल्यावांचून नुसता द्रव भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. पेडलाच्या वर, जेथें दांडी मास्टर सिलिंडरांत शिरते तेथें, ओल पाहावी. स्लेव्हचें रबरी टोपण उचलून आंत पाहावें. नळीचे सांधे चांचपावे.

गळती नसेल तर पेडल पायानें पारखावें. तें मऊ लागत असेल व पांचसात वेळां भराभर दाबल्यावर सुधारत असेल, तर नळींत हवा असल्याचा संशय घ्यावा. दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं बसत असेल आणि बाहेर थेंबही दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरांतील रबरी वॉशर द्रवास मागें निसटूं देत आहे असें जाणावें.

यानंतरची कसोटी सर्वांत महत्त्वाची. गाडी सपाट जागीं उभी करून एंजिन बंद ठेवावें, गिअर न्यूट्रलमध्यें असावा, हँडब्रेक ओढावा व चाकांस दगड लावावे. एकानें पेडल पूर्ण दाबावें आणि दुसऱ्यानें बोटें दूर ठेवून स्लेव्हची दांडी किती सरकते तें पाहावें. अशा गाड्यांत ती साधारणपणें अर्ध्या इंचाच्या आसपास सरकते. नेमका आंकडा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकांत पाहावा. दांडी कमी सरकली तर दोष वरच्या बाजूस, म्हणजे पेडल, सिलिंडर व नळी यांत आहे. ती पूर्ण सरकली तरी क्लच सुटत नसेल, तर दोष कवचाच्या आंत आहे : फोर्क वांकला असेल, बेअरिंग बिघडलें असेल, किंवा तबकडी गंजून शाफ्टवर अडकली असेल. साखळीच्या मधली कडी तपासली म्हणजे अर्धी साखळी निर्दोष ठरते.

नळींत हवाच असेल तर ती काढण्यास दोघे लागतात. स्लेव्हवरील निपलास पारदर्शक नळी लावून तिचें टोंक द्रव असलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पेडल दाबून धरावें. दुसऱ्यानें निपल सैल करून बुडबुडे जाऊं द्यावे व तो घट्ट करावा. त्यानंतरच पेडल सोडावें. निपल उघडा असतां पेडल सोडलें तर हवा पुन्हां आंत ओढली जाते. टाकी मधून मधून भरीत जावी.

द्रव टाकीच्या झांकणावर लिहिला असेल तोच वापरावा. एंजिनाचें तेल चुकून थोडें जरी गेलें तरी रबरी वॉशर फुगून निकामी होतात. हा द्रव हवेंतील ओल शोषतो व त्यामुळें सिलिंडर आंतून गंजतो. म्हणून उघड्या डब्यांतला जुना द्रव घालूं नये. तो विषारी आहे. डोळ्यांपासून व गाडीच्या रंगापासूनही दूर ठेवावा.

पालकांनींही हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. जुनी पिकअप बाळगणाऱ्याचें पोट बहुधा त्याच गाडीवर असतें. गिअरबॉक्स उतरविणें म्हणजे दिवसभराची मजुरी आणि बुडालेली एक खेप. आणि दोष एखाद्या रबरी वॉशरचा असेल तर तो सर्व खर्च व्यर्थ. म्हणून 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल' असें कोणी सांगितलें तर नम्रपणें एवढेंच विचारावें, 'स्लेव्हची दांडी किती सरकते, तें पाहिलें काय ?' चांगला कारागीर ह्या प्रश्नानें रागावणार नाहीं. तो तुम्हांस खालीं वांकून ती दांडी दाखवील.