घराचा सौदा : किल्ली हातात घेण्यापूर्वी

कापडाचा तागा घेताना आपण पन्हा मोजतो, दोन्ही टोके पाहतो, डाग शोधतो. तीच माणसे आयुष्याची कमाई घालून घर घेतात, तेव्हा आधी इसार देऊन मोकळी होतात आणि कागद मागाहून मागतात. मीही तेच केले होते.

मालेगावच्या जुन्या वस्तीत धाकट्या मुलासाठी घर ठरवले. मालक व त्यांची बीबी कधीच वारलेले. विकणारे दोन भाऊ ओळखीचे. तिसरा भाऊ नंतर वारला. त्याची बेवा आणि दोन लहान मुले. एक बहीण धुळ्याला दिलेली. भावांचे म्हणणे, "बहिणीचा आता संबंध नाही, लग्न आम्हीच करून दिले. मुलांच्या वतीने भावजय सही करील." मलाही ते पटले. वकिलाने मात्र मिळकत पत्रिका पाहिली, वारसांची चौकशी केली आणि खरेदीखत लिहिण्यास साफ नकार दिला.

त्याचे म्हणणे असे. मुस्लिम कायद्यात मुलीचा वाटा लग्नाने संपत नाही. मागे तीन मुलगे व एक मुलगी असेल तर मिळकतीचे सात भाग होतात. मुलग्यांना दोन-दोन, मुलीला एक. तिची सही नसेल तर तो सातवा भाग आपल्याला मिळतच नाही, पैसे मात्र पुरे गेलेले असतात. (शरियतचे नाव घेणारे आपण वाटणीच्या वेळी बहिणीला विसरतो, हा वेगळा विषय आहे.)

अज्ञान मुलांची गोष्ट याहून बिकट. मुले सांभाळण्याचा हक्क आईला आहे, पण त्यांच्या स्थावर मिळकतीची ती कायदेशीर पालक नाही. तो अधिकार बापाचा, नंतर बापाने वसियतीने नेमलेल्या माणसाचा, मग आजोबाचा. यांपैकी कोणी नसेल तर जिल्हा न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो आणि विक्रीची परवानगी काढावी लागते. प्रिव्ही कौन्सिलने 1918 सालीच सांगून ठेवले आहे की, असा अधिकार नसताना आईने केलेली विक्री मुलांवर बंधनकारक नाही. चुलत्याचेही तेच. मूल सज्ञान झाले की ते आपल्याच दारात वाटा मागायला उभे राहू शकते.

परवानगीला आठ महिने लागले. मुलांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या नावे बँकेत ठेवावी लागली. बहिणीने स्वतः येऊन सही केली; तिचा चेक तिच्याच नावाने दिला. थोरला भाऊ त्या दिवसापासून माझ्या दुकानाची पायरी चढलेला नाही.

पैशाविषयी थोडक्यात. 20 हजार किंवा त्याहून जास्त इसार रोखीने घेण्यास 2015 पासून मनाई आहे. दंड घेणाऱ्याला होतो, पण पुरावा आपल्याकडे राहत नाही. किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर 1 टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. 2013 पासून हा नियम आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी हजर करावा. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. मी सुनेच्या नावावर घेतले.

नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे अनेकजण मानतात. सूची क्रमांक दोन हातात आली की नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर नाव लावून घ्यावे, नंतर महापालिकेत घरपट्टीवर, मग वीजमीटरवर. शेवटचा चेक देण्यापूर्वी घरपट्टी व वीजबिलाची थकबाकी विचारा. घर मोकळे आहे की भाडेकरू आत आहे, हे स्वतः आत जाऊन पाहा. रिकाम्या खोल्यांचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढा. ताबा दिल्याची तारीख खरेदीखतात लिहून घ्या.

एक चूक तरीही राहिलीच. मला घर शुक्रवारी दाखवले होते, आणि मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद. सामान लावले, शनिवारी शेजारचे माग सुरू झाले आणि फळीवरची भांडी वाजू लागली. आता फळ्या समोरच्या भिंतीवर आहेत आणि नातवाचा पाळणा मागच्या खोलीत.