घरभाडे आणि लवचीकता

लवचीकता हा शब्द तुम्हाला पदार्थविज्ञानामुळे परिचित आहे. तारेला वजन टांगले की ती किती ताणली जाते, हे आपण प्रयोगशाळेत मोजतो. अर्थशास्त्रज्ञांनीही हा शब्द घेतला. भाव शेकडा १ ने चढला असता माल शेकडा कितीने वाढतो, त्याला ते पुरवठ्याची लवचीकता म्हणतात.

बीडमध्ये कांदा महागला तर लासलगावहून ट्रक येऊ शकतो; लासलगावची रिकामी खोली मात्र बीडला आणता येत नाही. म्हणून प्रत्येक गावचा घरांचा बाजार निराळा.

परळीचे उदाहरण घ्या. तेथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला आणि १९८० नंतर २१० मेगावॅटचे मोठे संच आले. असा प्रकल्प आला की माणसे आज येतात, पण खोल्या बांधून होण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात. कारखाने स्वतःची वसाहत का बांधतात, ते यावरून ध्यानात येईल.

आता थोडे गणित करू. आकडे कल्पित आहेत. एका गावात भाड्याच्या १००० खोल्या असून सगळ्या भरलेल्या आहेत. ५० कुटुंबे नव्याने आली. म्हणजे मागणी शेकडा ५ ने वाढली. भाडे शेकडा १ ने चढले की शेकडा अर्धी कुटुंबे माघार घेतात असे माना. कोणी भावाकडे राहतो, कोणी खेड्यातून एस.टी.ने ये-जा करतो. नवी खोली बांधणे अशक्य असेल, तर भाडे ५ ÷ ०.५, म्हणजे शेकडा १० ने चढेल. पुरवठ्याची लवचीकता २ असेल, तर ५ ÷ (०.५ + २), म्हणजे शेकडा २ नेच! आलेली कुटुंबे तितकीच, भाडेवाढ मात्र पाचपट कमी.

मुंबईत ही लवचीकता फार कमी. तीन बाजूंना समुद्र, त्यात १९९१ च्या नियमावलीने शहर भागात चटईक्षेत्र निर्देशांक १.३३ ठरवला, म्हणजे १०० चौरस मीटर भूखंडावर साधारणपणे १३३ चौरस मीटरच बांधकाम. १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी गोठवली, तेव्हा टंचाई पागडीच्या रूपाने बाहेर आली. पारा अडवून ताप उतरत नाही!

बीडभोवती जमीन मोकळी आहे. परंतु बिनशेती परवानगी, रस्ता आणि नळाचे पाणी नसलेला भूखंड पुरवठ्यात कसा धरावा?

एक प्रयोग करा. महाविद्यालये उघडण्यापूर्वी आणि पुन्हा ऑगस्टमध्ये आपल्या भागातील ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या मोजा, भाडे विचारा आणि दोन्ही आकडे आलेखावर मांडा.