रंगीत स्लाइड घरी धुताना

निगेटिव्हवरून फोटो छापताना कमी-अधिक प्रकाश सावरून घेता येतो. स्लाइडला ही सवलत नाही. कॅमेऱ्यात असते तीच फिल्म धुऊन पडद्यावर जाते. म्हणून स्लाइडविषयी सांगताना मी रसायनांच्या आधी प्रकाशाचे माप घेतो. आमच्या बालाघाटला वैनगंगेच्या काठी भर दुपारी पाहावे : वाळू डोळे दिपवते आणि झाडांखाली काळोख. दोन्ही टोके स्लाइडवर मावत नाहीत. मीटर वाळूवर धरावा व त्या मापापेक्षा अ‍ॅपर्चर दीड स्टॉप उघडावे. सावल्या काळ्या पडल्या तर पडू द्याव्यात. काळी सावली खपते. वाळू जळून कोरी झाली, तर तिथे रंगच उरत नाही.

आता धुणे. कोडाक्रोमचे रंग बाहेरून, डेव्हलपरमधून येत. ते काम घरी होण्यासारखे नव्हते आणि कॅन्सासमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस ते घेणे थांबवले. एक्टाक्रोमसारख्या फिल्ममध्ये रंगद्रव्याची तयारी थरांतच असते. १९७६ पासून रूढ झालेली ई-६ पद्धत म्हणूनच घरी जमते. पहिला डेव्हलपर फक्त कृष्णधवल निगेटिव्ह उमटवतो. उरलेल्या, प्रकाश न लागलेल्या चांदीच्या क्षारांवर रंगीत डेव्हलपर काम करतो. तिथे पिवळा, किरमिजी आणि निळसर रंग धरतो. मग ब्लीच-फिक्स सगळी चांदी काढून टाकतो.

यांत खरी परीक्षा पहिल्या डेव्हलपरची. ३८ अंश सेल्सिअस, सुमारे सहा मिनिटे. ऊब किंवा वेळ वाढली की स्लाइड फिकी होते, घटली की काळवंडते. पुस्तके पाणी तापवण्याचे उपाय सांगतात. आमच्याकडे मे महिन्यात अडचण उलटी! गच्चीवरच्या टाकीचे पाणीच तापून येते. मी पहाटे काम करतो, घंगाळात पाणी भरून त्यात बाटल्या आणि टाकी बुडवून ठेवतो. भांडे मोठे असले की ऊब सावकाश उतरते. थर्मामीटर मात्र पाण्यात नव्हे, डेव्हलपरमध्ये धरावा.

वापरलेली रसायने विहिरीजवळ वा नाल्यात कदापि ओतू नयेत. आणि रिळावरून काढलेल्या ओल्या फिल्मवर दुधी झाक दिसते, तेव्हा वाळेपर्यंत रंगांचा निवाडा करू नये.