प्रश्नसूची परत पाठवताना

चि. ठकीस,


तुझी प्रश्नसूची मिळाली. बावीस प्रश्न, ओळीने मांडलेले, शुद्धलेखनाची एक चूक नाही. वाचून मला बीडकडच्या त्या ऊसतोड बायांची दया आली.

पहिलाच प्रश्न घे. 'गर्भाशय काढण्याचा निर्णय तुम्ही का घेतलात?' अगं, तिकडे गर्भाशय कुणी म्हणत नाही, 'पिशवी काढली' म्हणतात. तेवढा शब्द बदलशील. पण 'निर्णय' आणि 'का' यांचं काय करणार? 'का' विचारलं की माणूस जबाब द्यायला लागतो. आजवर त्याला 'का' विचारलंय ते पोलिसानं, मास्तरानं, नाहीतर सासूनं. आणि निर्णय तिनं घेतला, हे तू परस्परच ठरवून टाकलंस. तेच तर शोधायला निघाली आहेस ना?

२०१९ मध्ये या गोष्टीचा बोभाटा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. किती जणी, ते कळलं. दवाखान्यात बोलणं कुणाशी झालं, पैसे कुणी मोजले, परत आल्यावर मोळी कितव्या दिवशी उचलली, हे आकड्यात येत नाही. म्हणून तू जायचं. पण तेव्हापासून त्या वस्त्यांवर पत्रकार आले, संस्थावाले आले, तुझ्यासारखी मुलंही आली. बाईकडे आता उत्तर तयार असतं. खोटं नसतं ते; सांगून सांगून गुळगुळीत झालेलं असतं. पाच मिनिटांत तुझ्या हातात पडेल, तुझ्या मनातल्याशी जुळेलही, आणि तू खुशीत एसटी पकडशील.

म्हणून तिला मत विचारू नकोस, एक दिवस विचार. 'दवाखान्यात गेलात त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, ते सांगा.' मग पोरं कुणाकडे ठेवली, गाडीत कोण बसलं, कुठला कागद पुढे केला, सगळं येऊ दे. साल विचारू नकोस. 'दिवाळीनंतर, कारखाना सुरू झाला तेव्हा की पाडव्याला परत आल्यावर?' असं विचारलंस तर अचूक सांगतील. आणि पैशाचं जरूर विचार. मनाला काय वाटलं याला बाई 'काय वाटायचं?' म्हणून मोकळी होते; पण पैसे कुठून आणले याचं उत्तर लांब असतं. ते बहुधा मुकादमापाशी जाईल, आगाऊ घेतलेल्या उचलीत किती वाढले तिथे जाईल, आणि उचल फिटली नाही म्हणून पुढचा हंगाम कसा काढला तिथे. तुझ्या सूचीतले निदान नऊ प्रश्न त्या एकाच उत्तरात बसतात.

कधी जायचं, तेही आधी ठरव. हंगामात एकदा फडावर जा. कोपीत मुक्काम कर, पहाटे त्यांच्याबरोबर ऊठ, पाचट सोलताना हात कसे कापतात ते बघ. पण तिथे मुलाखत घ्यायची नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिला तू तासभर बसवलंस तर कोयता अर्धा होतो, आणि खाडा पडला तर त्यांच्या हिशेबातून जातो, तुझ्या नाही. मुलाखतीला उन्हाळ्यात त्यांच्या गावी जा, लग्नं आटोपल्यावर आणि पेरणीआधी.

मुकादमाला टाळता येणार नाही. त्याला भेट, चहा पी. पण त्यानं 'चला, मीच नेतो, चांगली बोलणारी बाई आहे' म्हटलं की नम्रपणे नको म्हण. अंगणवाडीताईंकडून जा. दोन दिवस नुसती बस, शेंगा फोड.

संमतीपत्रावर अंगठा घेण्याचा घाट विद्यापीठानं घातलाय म्हणतेस. जरा विचार कर, उचल घेतानाही कागदावर सही-अंगठाच असतो. तू कागद काढलास की बाई आखडलीच. तोंडी संमती रेकॉर्ड केलेली चालेल का, हे विद्यापीठाच्या समितीला आत्ताच लेखी विचार. आणि 'यातून आमाला काय मिळंल?' असं त्या विचारतीलच. काही मिळणार नाही, असं सरळ सांग. 'तुमचा आवाज पोहोचवते' वगैरे बोलू नकोस.

आता माझी एक फजिती. तुझ्याएवढीच होते. एक बाई बोलता बोलता म्हणाल्या, 'त्या वर्षी पाडव्याला घरी आलो तर...' आणि थांबल्या. मला ती शांतता सोसेना. मी घाईनं पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी मुकाट उत्तर दिलं. रात्री कॅसेट ऐकली. त्या थांबल्यावर त्यांची बांगडी वाजते, श्वास घेतल्याचं ऐकू येतं, आणि लगेच माझा तो मंजुळ आवाज. दिवाळीआधी पुन्हा गेले तर टोळी कर्नाटकात गेली होती. पाडव्याला काय झालं होतं, ते मला आजतागायत ठाऊक नाही. म्हणून सांगते, बाई थांबली की मनात वीस अंक मोज. डोळ्याला पाणी आलं तर रेकॉर्डर बंद कर, आणि पुन्हा सुरू करायचा की नाही ते तिला ठरवू दे.

रेकॉर्डर बंद केल्यावर, तू चपला घालत असताना, खरं काहीतरी निघेलच. ते लिहायचं असेल तर तिथेच विचार, 'हे लिहू का?' नको म्हणाली तर विसर. मला हे जमायला फार वर्षं लागली, खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर उतरवून काढण्याचं काम दुसऱ्याला देऊ नकोस. तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास जातात, जाऊ देत. 'व्हतं'चं 'होतं' करू नकोस, पिशवीचं गर्भाशय तर मुळीच नको. नावं बदलशीलच, पण टोळीत पंधरा-वीस कोयते, 'दोन मुली, नवऱ्याचा पाय मोडलेला' एवढ्यावरून कुणीही ओळखेल. ते तपशीलही झाक.

किती मुलाखती, असं विचारलंयस. आकडा आत्ता सांगत नाही. आधी एक घे आणि मला ऐकव.

सूची सोबत परत पाठवते आहे. बावीसपैकी पाच ठेवलेत, बाकीच्यांवर पेन्सिल फिरवली आहे. रागावू नकोस. पाचव्याच्या खाली जागा कोरी सोडली आहे, तिथे काय लिहायचं ते पहिल्या बाई सांगतील. आणि टोपी घे, बीडचं ऊन तुला माहीत नाही.

तुझी,
आत्या