अदृश्य वायूचे मापन

मिथेन वायूस रंग नाही, गंध नाही. मग तो ८२४ किलोमीटर उंचीवरून मोजतात कसा? भूपृष्ठावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश वर जात असता वाटेतील मिथेन त्यातील ठराविक अवरक्त किरण शोषून घेतो. २०१७ साली सोडलेल्या उपग्रहावरील ‘ट्रोपोमी’ हे उपकरण ते किरण किती क्षीण झाले हे पाहते. त्यावरून वायूचे प्रमाण कळते. रात्री वा दाट ढगांतून हे साधत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात नैसर्गिक वायूची एक विहीर फुटली. हा वायू मुख्यतः मिथेनच असतो. गळती वीस दिवस चालली; या उपकरणाच्या नोंदीवरून ती ताशी सुमारे १२० टन ठरली. मिथेन वातावरणाची उष्णता वाढवितो. म्हणून गळतीचे स्थान व मान कळणे, हाच उपायाचा आरंभ होय.