घटक ५ : तांत्रिक मदत मागण्याचे शिष्टाचार

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• छंदसमूहात विचारलेला तांत्रिक प्रश्न हा व्यावहारिक लेखनाचा स्वतंत्र प्रकार का आहे, हे सांगता येईल.
• निरीक्षण आणि अनुमान यांतील भेद वाक्यरचनेच्या आधारे ओळखता येईल.
• मूळ हेतू स्पष्ट करणारा प्रश्न लिहिता येईल.
• संबोधन, सूर आणि उत्तरानंतरचे वर्तन यांविषयीचे संकेत विशद करता येतील.

५.१ प्रास्ताविक

अर्ज, तक्रारपत्र किंवा चौकशीपत्र लिहिताना ते वाचणारी व्यक्ती एखाद्या पदावर असते आणि त्याला उत्तर देणे हा तिच्या कामाचा भाग असतो. प्रस्तुत घटकात आपण अशा लेखनाचा विचार करणार आहोत, ज्याला उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नसते. हौस म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणे जोडणारे, दुर्बिणी बनवणारे, हॅम रेडिओ चालवणारे किंवा संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे लोक आंतरजालावर समूह करून एकमेकांना मदत करतात. ही मदत विनामूल्य असते. ती देणारी व्यक्ती आपल्या फुरसतीचा वेळ खर्च करत असते.

दूरशिक्षण घेणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला या समूहांचे महत्त्व अधिक आहे. नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकणाऱ्याच्या शेजारी प्रयोगशाळा नसते आणि विचारण्याजोगा जाणकारही बहुधा नसतो. अशा वेळी प्रश्न अनुत्तरित राहिला, तर उपकरण अर्धवट पडते आणि पुष्कळदा छंदच सुटतो. ‘आपल्यालाच काही येत नाही’ असा चुकीचा निष्कर्षही मागे उरतो. वस्तुतः अनेकदा उणीव ज्ञानात नसते, प्रश्नाच्या मांडणीत असते. आणि मांडणी शिकता येते.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ संकेतांची पार्श्वभूमी

आंतरजालावरील सभ्यतेचे संकेत एकत्र करणारा ‘आरएफसी १८५५’ हा दस्तऐवज ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या समूहात लिहिण्यापूर्वी एक-दोन महिने तेथील लेखन नुसते वाचावे, असा सल्ला त्यात दिला आहे. १९९९ मध्ये सायमन टॅथम या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाने सॉफ्टवेअरमधील दोष कसे कळवावेत यावर निबंध लिहिला. घडलेली गोष्ट आणि तिच्याविषयीचा आपला तर्क वेगवेगळे ठेवावेत, हा त्याचा एक मुख्य मुद्दा होता. २००१ मध्ये एरिक रेमंड यांनी प्रश्न विचारण्याच्या रीतीवर लिहिलेला निबंध आजही नवागतांना वाचायला सुचवला जातो.

या संकेतांची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. नियमांवर बोट ठेवून नवख्यांना झिडकारण्याची वृत्ती काही ठिकाणी वाढली. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने २०१८ मध्ये जाहीरपणे मान्य केले, की अनेकांना, विशेषतः नवागतांना, तेथे आपले स्वागत होते असे वाटत नाही. म्हणून शिष्टाचार ही केवळ विचारणाऱ्याची जबाबदारी नाही. ती दोन्ही बाजूंची आहे.

५.२.२ दोन नमुने

पुढील नमुने या घटकासाठी रचले आहेत. दोन्हींत आर्डुइनोचा उल्लेख आहे. हा लहानसा प्रोग्राम करता येणारा बोर्ड २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठी तयार झाला आणि पुढे जगभरच्या हौशी मंडळींत रूढ झाला.

नमुना १
“नमस्कार सर, अर्जंट मदत हवी आहे. माझा आर्डुइनो खराब झाला आहे. सगळे करून पाहिले, उपयोग झाला नाही. रीस्टार्ट झाल्यावरही आकडा मेमरीत राहावा यासाठी कोड कोणी देईल का? कृपया लवकर सांगा. धन्यवाद.”

नमुना २
विषय : पंप सुरू होताच आर्डुइनो उनो रीस्टार्ट होतो
“नमस्कार. कुंड्यांना आपोआप पाणी देणारे यंत्र मी बनवत आहे. माती कोरडी झाल्यास पंप ५ सेकंद चालावा आणि दिवसात किती वेळा पाणी दिले याची मोजणी राहावी, असा हेतू आहे.
साहित्य : आर्डुइनो उनो, ५ व्होल्टचे रिले मोड्यूल, मातीतील ओलावा मोजणारा सेन्सर, ५ व्होल्टचा लहान पंप. सर्वांना वीज उनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून दिली आहे. उनो लॅपटॉपच्या यूएसबीला जोडला आहे.
काय घडते : रिलेचा ‘टक्’ असा आवाज येतो, पंप क्षणभर फिरतो आणि थांबतो. पडद्यावर कार्यक्रमाची पहिली ओळ पुन्हा उमटते व मोजणी शून्यावर येते. दहा वेळा पाहिले, दहाही वेळा असेच झाले.
काय करून पाहिले : यूएसबी केबल बदलली, फरक पडला नाही. पंपाची वायर काढली, तेव्हा रिले वाजला, पण उनो रीस्टार्ट झाला नाही.
आकडा कायमच्या मेमरीत साठवावा असे आधी वाटले होते. परंतु कारण वेगळे असावे. पुढे काय तपासावे? जोडणीचे छायाचित्र व संपूर्ण कोड सोबत आहे.”

पहिल्या नमुन्यात नमस्कार, कृपया आणि धन्यवाद हे तिन्ही शब्द आहेत. दुसऱ्यात फक्त नमस्कार आहे. तरीही अधिक सौजन्य दुसऱ्यात आहे. कारण अनोळखी वाचकाने विचारण्याआधीच त्याला लागणारी माहिती त्यात दिली आहे. पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी जाणकाराला निदान पाच-सहा उलट प्रश्न विचारावे लागतील. बहुतेक जण ते न विचारता पुढे निघून जातात.

५.२.३ निरीक्षण आणि अनुमान

‘आर्डुइनो खराब झाला आहे’ हे अनुमान आहे. ‘पहिली ओळ पुन्हा उमटते’ हे निरीक्षण आहे. अनुमान चुकीचे असू शकते; निरीक्षणावरून मात्र दुसरा माणूस स्वतःचे अनुमान काढू शकतो. पंपाची वायर काढताच दोष नाहीसा झाला, या एका निरीक्षणाने जाणकाराचे अर्धे काम होते. मोटर सुरू होताना चालू स्थितीतील प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढते. यूएसबी २.० च्या मानकानुसार एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळणे अपेक्षित असते. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली, की व्होल्टेज खाली येते आणि बोर्ड रीस्टार्ट होतो. बोर्ड खराब झालेला नाही. पंपाला स्वतंत्र वीजपुरवठा देणे आणि पंपाच्या दोन टोकांमध्ये उलट दिशेने डायोड जोडणे, हा त्यावरील रूढ उपाय आहे.

येथे मराठीच्या एका लकबीकडे लक्ष द्यावे. ‘वायर निघाली’, ‘सेटिंग बदलले गेले’, ‘फाइल उडाली’ अशी करणाऱ्याचा उल्लेख नसलेली वाक्ये आपण सहज वापरतो. दैनंदिन संभाषणात ती सौम्य वाटतात. दोष कोणावर येत नाही. तांत्रिक प्रश्नात मात्र ती माहिती लपवतात. वायर आपोआप निघाली असेल, तर जोड सैल आहे. ‘मी वायर काढली’ असेल, तर ती चाचणी आहे. दोन्हींचे निदान वेगळे होते. म्हणून जेथे कर्ता आपण आहोत, तेथे कर्त्याचा स्पष्ट उल्लेख करावा. ‘सगळे करून पाहिले’ या वाक्याऐवजी केलेल्या गोष्टी क्रमाने लिहाव्यात. पडद्यावर दिसलेला संदेश भाषांतर न करता, मूळ लिपीत, अक्षरशः उतरवावा.

५.२.४ मूळ हेतू सांगणे

पहिल्या नमुन्यात आकडा साठवण्याचा कोड मागितला आहे. तो कोणी दिलाही असता आणि तो अचूक चाललाही असता. आकडा टिकला असता. पण पंप क्षणभरच फिरला असता आणि कुंड्या कोरड्याच राहिल्या असत्या. विचारणाऱ्याने मूळ अडचण बाजूला ठेवून स्वतः योजलेल्या उपायाविषयी प्रश्न केला, म्हणून असे घडते. हौशी तंत्रज्ञांच्या परिभाषेत याला ‘एक्स-वाय समस्या’ म्हणतात : अडचण ‘एक्स’ ही असते, प्रश्न ‘वाय’विषयी विचारला जातो. यावर उपाय सोपा आहे. ‘मला अंतिमतः काय साधायचे आहे?’ याचे उत्तर पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

५.२.५ संबोधन आणि सूर

समूहात उत्तर देणारी व्यक्ती निवृत्त अभियंता असेल, गृहिणी असेल किंवा शाळकरी मुलगीही असेल. त्यामुळे ‘सर’ हे संबोधन गृहीत धरू नये. ‘नमस्कार’ आणि ‘आपण’ पुरेसे आहे. ‘अर्जंट’ हा शब्द आपली घाई दुसऱ्याच्या माथी मारतो. एका व्यक्तीला खासगी संदेश पाठवून उत्तरासाठी तगादा लावणेही योग्य नव्हे.

अतिनम्रताही उपयोगी पडत नाही. ‘मला यातले काहीच कळत नाही, चूकभूल माफ करावी’ या वाक्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. ‘मी कार्यक्रम लिहू शकते, वीजजोडणी मला नवीन आहे’ या वाक्यामुळे उत्तर कोणत्या पातळीवर द्यावे, हे त्याला कळते. आपल्या अज्ञानाची सीमा नेमकी सांगणे ही कमीपणाची गोष्ट नाही.

उत्तर रूक्ष आले, तर त्यातील माहिती घ्यावी आणि वाद टाळावा. ते अपमानकारक असेल, तर समूहाच्या व्यवस्थापकांना कळवावे. निमूट सोसण्याची गरज नाही.

५.२.६ उत्तर मिळाल्यानंतर

प्रश्न सुटला, की काय केल्याने सुटला हे त्याच ठिकाणी लिहावे. ‘झाले, धन्यवाद’ एवढ्याने मदत करणाऱ्याला समाधान मिळते. पण वर्षभराने तीच अडचण घेऊन येणाऱ्या वाचकाच्या हाती काही लागत नाही. ‘पंपाला चार सेलची वेगळी बॅटरी दिली, आता दहापैकी एकदाही उनो रीस्टार्ट झाला नाही’ या वाक्यामुळे मागणारी व्यक्ती देणारी होते. छंदसमूह टिकतात ते याच परतफेडीवर.

स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) पुढील विधाने निरीक्षण आहेत की अनुमान, ते लिहा.
१) बॅटरी निकामी आहे.
२) बटण दाबल्यावर दिवा दोनदा लुकलुकतो.
३) नवीन सॉफ्टवेअर घेतल्यामुळेच बिघाड झाला.

५.३ सारांश

छंदसमूहातील मदत ऐच्छिक असते. म्हणून प्रश्नलेखनातील सौजन्य औपचारिक शब्दांपेक्षा वाचकाच्या वेळेची कदर करण्यात आहे. हेतू, साहित्य, निरीक्षण आणि केलेले प्रयत्न या क्रमाने लिहिलेला प्रश्न उत्तरास पात्र ठरतो. बऱ्याचदा असा प्रश्न लिहितानाच कारण स्वतःला उमगते. मिळालेले उत्तर पडताळून त्याचा निष्कर्ष नोंदवणे हा या व्यवहाराचा अखेरचा आणि आवश्यक टप्पा होय.

५.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १) अनुमान २) निरीक्षण ३) अनुमान

५.५ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘सौजन्य शब्दांत नसून मांडणीत असते’ या विधानाची नमुना १ व २ च्या आधारे चर्चा करा.
२) तांत्रिक प्रश्न लिहिताना कर्त्याच्या स्पष्ट उल्लेखाचे महत्त्व सोदाहरण स्पष्ट करा.
३) आपल्या घरातील बिघडलेल्या एखाद्या उपकरणाविषयी दीडशे शब्दांत प्रश्न लिहा. तो त्या विषयाची माहिती नसलेल्या व्यक्तीला वाचायला द्या आणि तिने विचारलेल्या शंकांच्या आधारे पुन्हा लिहा.