सवलत, सहल आणि हिशेब

विद्यार्थिदशेत पैसा थोडा आणि हौस मोठी, हे जुनेच गणित आहे. प्रवासाने मनुष्य चतुर होतो, असे आपण निबंधात मोठ्या उत्साहाने लिहितो. परंतु त्या प्रवासास भाडे लागते, याचा उल्लेख निबंधात सहसा येत नाही. विद्यार्थ्याने थोडक्या पैशात प्रवास कसा करावा आणि त्याच्यासाठी ठेवलेल्या सवलती कशा घ्याव्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तत्पूर्वी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे.

मागे एका वर्षी नववीच्या वर्गाची वेरूळ-अजिंठ्याची सहल आम्ही नेली. खाजगी मोटार ठरविली, जेवणाखाण्याची व मुक्कामाची सोय पैसे देऊन केली, आणि दरडोई आकार वर्गात वाचून दाखविला. निघण्याच्या दिवशी तीन मुले आली नाहीत. एकास ताप होता, एकाच्या घरी पाहुणे होते आणि एकाची आजी अत्यवस्थ होती. परत आल्यावर त्या आजीबाईंची विचारपूस करावी म्हणून आम्ही खेड्यातील त्या घरी गेलो. आजीबाई अंगणात ज्वारी पाखडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय, गुरुजी? बरी आहे की मी!" मुलगा दाराआड उभा होता. त्याने मान खाली घातली, आणि मान खाली घालण्याची पाळी वास्तविक आमची होती.

पुढे बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली. हा मुलगा रोज एस. टी. ने पूर्ण भाडे देऊन शाळेत येत असे. विद्यार्थ्यांचा पास काढावयाचा तर अर्जावर शाळेचा शिक्का हवा. आणि अर्ज घेऊन कचेरीत गेल्यास आपली गरिबी चारचौघांत दिसेल, अशी त्याची समजूत होती. वस्तुतः विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर सुमारे दोनतृतीयांश भाडे माफ असते, आणि ग्रामीण भागातील मुलींस बारावीपर्यंत हा पास अहिल्याबाई होळकर योजनेखाली विनामूल्य मिळतो. एका फेरीस 15 रुपये पडतात असे धरले, तर जाऊन येऊन 25 दिवसांचे 750 रुपये होतात. पास काढल्यास याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास रक्कम पुरते. शाळेच्या दहा महिन्यांत ही बचत साडेचार ते पाच हजार रुपयांच्या घरात जाते. सहलीचा आकार याहून पुष्कळ कमी होता! म्हणजे सहलीचे पैसे त्या घरात होते. ते रोज थोडे थोडे लाजेपायी खर्च होत होते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, सवलत मागण्यात लाज नाही. सवलत ही भीक नव्हे. मुलांनी शिकावे अशी समाजाची इच्छा असते आणि त्या शिक्षणाचा काही भार समाज आपल्या शिरावर घेतो. त्या व्यवस्थेस आपण सवलत म्हणतो. रेल्वेचेच पहा. मार्च 2020 मध्ये रेल्वेने अनेक सवलती थांबविल्या, ज्येष्ठ नागरिकांचीही थांबविली. परंतु विद्यार्थ्यांची सवलत राखली. सुटीत स्वगृही जाणाऱ्या, किंवा अभ्याससहलीस निघालेल्या विद्यार्थ्यास द्वितीय व शयनयान वर्गात निम्मे भाडे पडते; अनुसूचित जाति-जमातींच्या विद्यार्थ्यांस एकचतुर्थांशच पडते. घर ते शाळा या प्रवासासाठी मुलांस बारावीपर्यंत व मुलींस पदवीपर्यंत द्वितीय वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळण्याची सोय आहे. या सर्वांस शाळेच्या प्रमुखांचा दाखला लागतो. तो वेळेवर मागावा. निघण्याच्या आदल्या सायंकाळी धावत येऊ नये.

दुसरी गोष्ट लबाडीची. तीविषयी पालकांस नम्रपणे दोन शब्द सांगावयाचे आहेत. पाच वर्षे पुरी झालेल्या व बारा वर्षांच्या आतील मुलास, स्वतंत्र बर्थ न घेतल्यास, रेल्वेत निम्मे भाडे पडते. मुलगा तेरा वर्षांचा असतो, आणि गाडीत चढताना त्याच्या कानात सांगितले जाते, "कोणी विचारले तर अकरा म्हण." वाचलेले पैसे घरी येईपर्यंत खर्चून जातात, परंतु खोटे बोलून काम साधते हा धडा मुलाच्या मनात कायमचा राहतो. शिवाय, सवलतीचा पैसा आकाशातून पडत नाही. तो इतरांनी दिलेल्या करातून व भाड्यातून येतो. जो खोट्या दाखल्याने सवलत घेतो, तो खऱ्या गरजवंताच्या ताटातील घास उचलतो.

तिसरी गोष्ट लोभाची. दुकानावर सुटीची पाटी दिसली की पुष्कळांस बचतीचा भास होतो. हजाराची वस्तू सहाशेस मिळाली, तर चारशे वाचले असे आपण म्हणतो. वस्तूची गरज असेल तर ते खरे. गरज नसेल तर चारशे वाचले नाहीत, सहाशे गेले. आधी गरज ठरवावी आणि मग सवलत शोधावी. हा क्रम उलटला की खिसा रिकामा झालाच म्हणून समजावे.

आता प्रवासाच्या काही युक्त्या सांगतो. रेल्वेचे भाडे अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अंतर लांबते तसा दर किलोमीटरमागे दर उतरत जातो. म्हणून एकाच दिशेच्या लांबच्या प्रवासाची दोन तिकिटे काढण्यापेक्षा एक सलग तिकीट काढणे स्वस्त पडते. मध्ये उतरावयाचे असल्यास त्याचीही सोय आहे. 500 किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर, पहिले 500 किलोमीटर झाल्यानंतर, एकदा दोन दिवसांपर्यंत मध्ये थांबता येते. 1000 किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर दोनदा. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यास जाणारा विद्यार्थी या नियमाने नागपूर पाहून पुढे जाऊ शकतो. मात्र राजधानी, शताब्दी अशा गाड्यांस हा नियम लागू नाही, आणि आरक्षण करतानाच कोठे उतरावयाचे ते सांगावे लागते.

मुक्कामाचा खर्च हा प्रवासातील दुसरा मोठा भार होय. या बाबतीत रिखार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाची हकीकत बोधप्रद आहे. हे अल्टेना गावी शिक्षक होते व मुलांस घेऊन लांब लांब पायी सहली काढीत. 1909 च्या ऑगस्ट महिन्यात अशाच एका सहलीत त्यांस वादळाने गाठले. तेव्हा वाटेवरील एका शाळेत त्यांनी आश्रय घेतला आणि मुले वर्गात गवतावर निजली. सुटीत गावोगावच्या शाळा रिकाम्या असतात, मग तेथे फिरत्या विद्यार्थ्यांची सोय का होऊ नये, हा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. त्यातून पुढे अल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे तरुण-निवास उघडले, आणि आज जगातील अनेक देशांत अशी निवासे आहेत. एका शिक्षकाच्या गैरसोयीतून पुढील पिढ्यांची सोय झाली.

आम्हीही दुसऱ्या वर्षी हाच कित्ता गिरविला. त्या वर्षी सहलीची आखणी आम्ही केली नाही, वर्गाने केली. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात व अजिंठ्याची सोमवारी. म्हणून नाताळच्या सुटीतील बुधवार व गुरुवार निवडले. शाळेच्या सहलीसाठी एस. टी. ची गाडी निम्म्या दराने मिळते. खाजगी मोटारीऐवजी ती ठरविली. छत्रपती संभाजीनगरातील एका शाळेस पत्र लिहिले, आणि तिच्या दोन वर्गखोल्या एका रात्रीसाठी मिळाल्या. अंथरूण-पांघरूण ज्याने त्याने आणले. पहिल्या दिवसाच्या भाकरी, पिठले व शेंगदाण्याची चटणी घरून आली. या लेण्यांत 15 वर्षांपर्यंतच्या मुलांस प्रवेशमूल्य नाही, म्हणून वयाचे दाखले बरोबर घेतले. दोघांस सोळावे लागले होते. त्यांची तिकिटे रीतसर काढली. अजिंठ्यास आपली गाडी अलीकडेच थांबवून पुढील सुमारे चार किलोमीटर तेथील बसने जावे लागते. तेही भाडे अंदाजपत्रकात आधीच धरले होते. असे न धरलेले लहान खर्चच पुष्कळदा हिशेब बिघडवितात.

दरडोई आकार मागील वर्षाच्या निम्म्याहून खाली आला. तरीही ज्यांस तो जड होता त्यांनी आमच्याकडे एकांतात यावे, असे पालकांस पत्राने कळविले. वर्गात उभे करून कोणास विचारले नाही. या वेळी सर्व मुले आली. जमाखर्चाची वही सांभाळण्याचे काम आम्ही त्या आजीबाईंच्या नातवाकडे दिले होते, कारण आता तो दहावीत होता आणि पासावर येऊ लागला होता. अजिंठ्याच्या लेण्यांतून बाहेर आल्यावर दगडी पायरीवर बसून त्याने वही पुरी केली. दरडोई 14 रुपये शिल्लक निघाले. ते त्याने दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातावर मोजून ठेवले.

विद्यार्थिमित्रहो, काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. कंजूष मनुष्य घरी बसून पैसा राखतो. काटकसरी मनुष्य त्याच पैशात वेरूळ पाहून येतो आणि शेजाऱ्यासही बरोबर नेतो. लाज, लबाडी आणि लोभ या तिघांस घरी ठेवावे. दाखला, वही आणि शिदोरी बरोबर घ्यावी. आणि निघण्यापूर्वी एकदा वर्गात सभोवार पाहावे. आपल्यातील कोणाची आजी उगाच आजारी तर पडलेली नाही ना, याची खात्री करून मगच गाडीत पाय ठेवावा.